सुखदेवा, तुझं ते मऊ रबर

सुखदेवा, गेल्या रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाला स्टँडवरचे झाडून सगळे ड्रायव्हर आले होते. गाड्या ओळीनं लावल्या, टोप्या काढून हातात धरल्या. वंदना झाली, आणि मग तुझ्या थोरल्या भावानं भर मंडळीत माझ्याकडे बोट केलं. वसंता दोन शब्द बोलेल, म्हणाले. मी उभा राहिलो. मलकापूर स्टेशनात गप्पा मारता मारता ज्यानं मेलगाडी चुकवली, आणि तीही एकट्यानं नाही, गार्डाला सोबत घेऊन चुकवली, तो मी. आणि माझ्या तोंडातून एक अक्षर निघेना. उभा होतो तसा खाली बसलो. शेजारच्यानं पाठीवर हात ठेवला. सगळ्यांना वाटलं, वसंताला दुःखानं बोलवेना.

दुःख होतंच लेका, ते काय सांगायचं. पण अडचण दुसरी होती. तुझ्याबद्दल बोलायचं म्हणजे राजूर घाटातली ती दुपार सांगावी लागते. ती मी आजवर इतक्या तऱ्हांनी सांगितली आहे की तिची खरी तऱ्हा कोणती, ते मलाच हुडकावं लागलं. आणि हुडकता हुडकता तो प्रश्न आडवा आला, जो मी तुला कधी विचारला नाही. त्या दुपारी तू तुझे टायर जाळलेस. पुढे कधी तुला त्याचं वाईट वाटलं का? एवढंच. पुढे आपण एका गाडीवर होतो, एका डब्यात जेवत होतो, विचारायला कोणी अडवलं नव्हतं. तू काविळीनं खाटेला खिळलास तेव्हासुद्धा मी उशाशी बसून तुझ्याशी भांडलो ते कशावरून, तर उन्हाळ्यात टायरमध्ये हवा किती ठेवावी यावरून. तू डोळे मिटून सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "कमी कर बे. हवा नाई, बोलनं."

हे तुझं माझ्याशी शेवटचं धड बोलणं. यावर काय उत्तर द्यावं ते मला अजून सुचलेलं नाही. म्हणून कागद घेऊन बसलो आहे.

वकीलसाहेबांची ती लाल गाडी बुलढाण्यात आली तेव्हा तू मोताळ्याच्या जिनात कापसाचा ट्रक चालवत होतास. मुंबईतला कोणी साहेब आपल्या देशी परत चालला होता, त्याच्याकडून वकीलसाहेबांनी ती हौसेनं घेतली. दोनच माणसांची, कापडी टपाची, आणि इतकी बुटकी की पहिल्याच दिवशी बाजारातली एक शेळी तिच्यावरून उडी मारून पलीकडे गेली आणि तिला वाटेत काही होतं हे कळलंही नाही. वकीलसाहेबांचं अंग तुला माहीत. ते आत बसले की बाहेर निघत नसत, आणि बाहेर निघाले की दुसऱ्यांदा बसायची हिंमत होत नसे. स्टिअरिंगमागे तर ते मावलेच नाहीत. म्हणून ड्रायव्हर पाहिजे झाला. स्टँडवरचे आम्ही सगळे नटून गेलो. मी तर मिशीला तेल लावून गेलो होतो. त्यांनी प्रत्येकाला फेरी मारायला लावली, आणि प्रत्येकानं गाडीचा वेग दाखवला. तू शेवटी आलास, जिनातला कापूस अजून केसांत. तू वेग दाखवलाच नाहीस. तू गाडी फाटकातून बाहेर काढलीस, वळवलीस, परत आणलीस आणि खाली उतरून टायरवर हात फिरवलास. वकीलसाहेब म्हणाले, उद्यापासून ये.

आम्ही सगळे तुझ्यावर जळलो. मी थोडा जास्त. तेलाचा खर्च झाला होता.

त्या टायरांबद्दल मी पुढे जे जे सांगितलं त्याची लाज वाटायचं काही कारण नाही, कारण तू शेजारी उभा राहून मान डोलवायचास. ते साधं रबर नव्हतं, बाभळीचा डिंक होता. एकदा भर उन्हाळ्यात वकीलसाहेब चिखलीच्या कोर्टात गेले आणि गाडी दिवसभर डांबरावर उभी राहिली. परत निघताना टायरनी रस्ता सोडलाच नाही. गाडी निघाली, गाडीमागे रस्ता निघाला. दुसऱ्या दिवशी बांधकाम खात्याची माणसं रस्ता शोधत बुलढाण्यापर्यंत आली. चहाच्या टपरीवर हे सांगून झालं की लोक तुझ्याकडे बघायचे, आणि तू अगदी गंभीरपणे म्हणायचास, "सगळा नाई. थोडासाच आल्ता."

खरं एवढंच होतं की त्या रबरावर अंगठ्याचं नख दाबलं तर त्याची खूण राहायची. वळणावर गाडी रस्त्याला अशी धरून जायची की शेजारी बसलेला माणूस एकीकडे जायचा आणि त्याचं पोट दुसरीकडे. आणि दुसरं खरं म्हणजे, ज्या गुणानं ते रस्ता धरायचे त्याच गुणानं झिजायचे. पोरांच्या खोडरबरासारखे. तसे टायर साऱ्या वऱ्हाडात कुठं मिळत नव्हते. इथं देशी टायरासाठी ओळखी काढाव्या लागायच्या, तिथं हे कुठून आणणार? आणि वकीलसाहेबांच्या बाईसाहेबांना ती गाडी पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होती. शेवटी घरात तह झाला. हे टायर आहेत तोवर गाडी राहील. टायर संपले की गाडी विकायची. वकीलसाहेबांनी शब्द दिला, आणि शब्द देताना तू तिथं उभा होतास.

म्हणजे रबर होतं तोवर तुझी ती सीट होती. ट्रकवर असताना खाली मान घालून चालणारा तू, त्या सीटवर बसलास की पाठ ताठ व्हायची, चेहरा धुतल्यासारखा दिसायचा. कमलवहिनी म्हणायची, हे घरी येतात तेच स्टिअरिंग धरून. हे मी वाढवून सांगत नाही. बघ, कधी कधी जमतं मला.

माझी टॅक्सी त्याच्या अगदी उलट. माझे टायर देशी आणि कडक. खिळा घुसायला आला तर खिळाच वाकायचा. नक्षी कोरी करकरीत, कंपनीची अक्षरं पलीकडच्या फुटपाथवरून वाचता यायची. फक्त पकड नावाची चीज त्यांच्यात घालायची राहून गेली होती. रस्त्यावर ताजं शेण पडलेलं असलं की माझी गाडी आधी शेजारच्या शेतात जाऊन चौकशी करायची आणि मग रस्त्यावर यायची. पण टिकले! टिकण्यावर माझा भरवसा. त्यावरून आपलं रोजचं भांडण. स्टँडवर लोक आपल्या भांडणावर घड्याळ लावायचे.

तू विचारायचास, "टायर कायले असते बे?"

"गाडी चालवाले."

"गाडी तं इंजिन चालवते. टायर असते रस्ता धराले."

"आन घासला मंग?"

"धरलं तं घासंनच ना. तुह्या टायरनं आजवर कायी धरलंच नाई, म्हनून तो कोरा हाय."

सगळा स्टँड हसायचा आणि मी चहा मागवायचो, कारण तोंडात चहा असला की उत्तर द्यावं लागत नाही.

पण तुझी गंमत अशी होती सुखदेवा, की बोलायचास एक आणि करायचास एक. टायर रस्ता धरायला असतो म्हणणारा तू, तुझ्या टायरला कधी काही धरूच द्यायचा नाहीस. रोज सकाळी तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घ्यायचास, टायरच्या रुंदीभर एक आडवी पांढरी रेघ ओढायचास आणि गाडी येळगावपर्यंत नेऊन आणायचास. आल्यावर उकिडवं बसून रेघ बघायचास. मधेच पुसली असेल तर हवा जास्त झाली, दोन्ही कडांना पुसली तर कमी झाली, आणि सगळीकडून सारखी पुसली असली की तू लग्नात जेवल्यासारखा उठायचास. तुझं बघून साऱ्या स्टँडनं रेघा ओढायला सुरुवात केली. बुलढाण्यात चुन्याचा दुष्काळ पडला. लोक कोरडी तंबाखू चघळत तुला शिव्या देऊ लागले. मीही ओढली एकदा. माझ्या टायरवरची रेघ मलकापूरला जाऊन आली तरी जशीच्या तशी. तू वाकून पाहिलंस आणि म्हणालास की टायर रस्त्याला टेकतो तरी का, का वरून वरून जातो.

उन्हात गाडी कधी उभी केली नाहीस. वळण यायच्या कितीतरी आधी पाय उचलायचास. पुढून बैलगाडी आली तर ब्रेक लावायच्या ऐवजी बैलांचा स्वभाव ओळखून वेग धरायचास. ती गाडी हवेत उडायला जन्माला आली होती आणि तू तिला बारशाला निघालेल्या बाईसारखी नेत होतास. मी तुला चिडवायचो की तुझा टायर रस्ता धरत नाही, रस्त्याचं बोट धरून चालतो. तू म्हणायचास, "घाई कायची? हायेत तं हायेत." वकीलसाहेबांचा अंदाज होता की टायर पुढची दिवाळी बघणार नाहीत. तुझ्या हातात त्यांनी ती दिवाळी बघितली आणि तिच्या पुढचीही बघितली. बाईसाहेब मधूनमधून येऊन टायर बघायच्या आणि तोंड वाकडं करून आत जायच्या.

आता ती दुपार.

आपल्या स्टँडची एक रीत होती, आणि बाहेरगावचा माणूस ऐकून कपाळाला हात लावतो. बुलढाण्याहून मोताळ्याकडे निघालं की राजूर घाटाच्या माथ्यावर इंजिन बंद करायचं, गाडी न्यूट्रलला टाकायची आणि पार राजूर गावापर्यंत फुकट उतरायचं. पेट्रोल वाचतं. उतरणीवर पेट्रोल जाळणारा ड्रायव्हर म्हणजे आम्हाला उधळ्या वाटायचा. सगळा भार ब्रेकवर. फक्त तू तेवढा इंजिन चालू ठेवून, गियरमध्ये उतरायचास, आणि मी म्हणायचो की वकिलाचं पेट्रोल आहे म्हणून याची मजा.

त्या दिवशी चैत्रातलं ऊन होतं. माझ्या टॅक्सीत मोताळ्याच्या बाजारची माणसं दाटून भरली होती. पुढं माझ्याजवळ एक गुरुजी, मागं बायका, त्यांच्यात एक म्हातारी घाटाच्या माथ्यावरच झोपी गेलेली. मी रीतीप्रमाणे इंजिन बंद केलं आणि गुरुजींना सांगायला लागलो तो चिखलीचा रस्ता कसा निघून आला ते. गोष्ट रंगात आली आणि पायाखालचं पेडल खाली गेलं. ते वर आलंच नाही. पुन्हा दाबलं, तळाला. ब्रेक तापून मेले होते. गियर टाकायला गेलो तर आत नुसती करकर, गियर घ्यायला तयार नाही. हातब्रेक ओढला तो हातातच आला. हे लोक खोटं समजतात, पण सुखदेवा, तो दांडा अजून माझ्या घरी आहे, बायको त्यानं मिरच्या कांडते. डोंगराच्या बाजूला गाडी घासावी म्हटलं, तर तिकडून ओळीनं बैलगाड्या वर चढत होत्या. दुसऱ्या बाजूला दरी. आणि माझे ते कोरे, अक्षरंवाले टायर वळणावर असे सरकले, जशी ताटलीतून पापडी. गुरुजींनी माझी गोष्ट ऐकायचं सोडून दिलं होतं.

तेवढ्यात पुढं ती लाल गाडी दिसली.

तू वकीलसाहेबांना आणायला मलकापूर स्टेशनवर चालला होतास. एकटा, सावकाश, वेळेच्या कितीतरी आधी निघालेला, टायर जपत. मी भोंगा दाबला तो सोडलाच नाही. तू आरशात पाहिलंस. आत काय पाहिलंस कोण जाणे, माझं तोंड पाहिलं असशील. तुला बाजूला व्हायला जागा होती. तिथं घाटात रस्ता जरा रुंद आहे, थांबून आम्हाला जाऊ द्यायचं, बस. कोणी तुला बोललं नसतं. मीसुद्धा नसतो बोललो, कारण मी बोलायला उरलोच नसतो.

तू उलट वेग वाढवलास. माझ्या इतकाच. मला आधी कळेना की हा पळून का चालला. मग गाडी माझ्या अगदी नाकासमोर आली, आणि मागे लावलेलं तिचं जादा चाक माझ्या बंपरला टेकलं, हळूच, जसं वासरानं आईला तोंड लावावं. आणि तू ब्रेक दाबलास.

असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. टायर ओरडत होते. सरळ रस्त्यावर तू दाबायचास, वळण आलं की सोडायचास, दोन्ही गाड्या चिकटलेल्या वळवायचास, आणि सरळ आलं की पुन्हा दाबायचास. निळा धूर, जळक्या रबराचा वास, आणि त्या धुरात तुझा हात बाहेर निघालेला, पंजा खाली करून, हळू, हळू, असं मला सांगणारा. जसा काही मी हळू व्हायला नाही म्हणत होतो. जी गाडी तू कधी जोरात थांबवली नाहीस, तिच्याकडून तू दोन गाड्या आणि मोताळ्याचा अर्धा बाजार थांबवून घेतलास. आपण थांबलो तेव्हा पुढचं वळण इतकं जवळ होतं की मला त्याच्या कठड्यावर बसलेला सरडा ओळखता आला.

 मागची म्हातारी जागी झाली, तिनं बाहेर बघितलं आणि मला म्हणाली, "का रे बाबू, मोताळं आलं काय? एथी तं काईच नाई."

तू उतरलास. आधी माझ्याकडे आलास, दारातून आत पाहिलंस, एकेक माणूस नजरेनं मोजलास. मग तुझ्या गाडीकडे गेलास आणि उकिडवा बसलास. मी मागून आलो. टायरवर रबर नव्हतं. एका जागी घासून सपाट झालेले, आतली पांढरी सुतं वर आलेली, वाफ निघत होती. तू हात लावायला गेलास आणि चटका बसून बोट तोंडात घातलंस. मला म्हणायचं होतं, सुखदेवा, तू आम्हाला वाचवलंस. मी म्हणालो, "माह्ये पाह्य. अजून अक्षरं दिसून राह्यली."

तू माझ्या टायरकडे पाहिलंस. म्हणालास, "हाव. वाचत बस मंग." आणि हसलास.

वकीलसाहेब शब्दाचे पक्के निघाले. त्यांनी तुझी पाठ थोपटली, घरी बोलावून जेवू घातलं, बाईसाहेबांनी स्वतः वाढलं, आणि गाडी विकली. नागपूरचं गिऱ्हाईक आपले टायर घेऊन आलं, चढवून गाडी घेऊन गेलं. तू चावी दिलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर येऊन माझ्या टॅक्सीला टेकून उभा राहिलास. मी पुन्हा आभार मानायच्या तयारीत होतो, रात्रभर वाक्य जुळवलं होतं, आणि तोंडातून आलं, "बसतं काय?" तू बसलास. तेव्हापासून काविळीपर्यंत आपण एकाच गाडीवर पाळी लावून राहिलो. तू आल्या आल्या घाटातलं न्यूट्रल बंद केलंस. आधी माझं, मग माझं बघून साऱ्या स्टँडचं. आज आपल्या स्टँडची एकही गाडी घाट फुकट उतरत नाही. पेट्रोल जास्त जातं म्हणून कुरकुरतात, पण गियरमध्ये उतरतात. पोरं तुझं नाव घेतात, कुरकुरताना आणि उतरताना, दोन्ही वेळी.

आणि मी काय केलं? मी ती गोष्ट सांगत फिरलो. माझ्या गोष्टीत पहिल्या वर्षी आपण दोघांनी मिळून गाड्या थांबवल्या. पुढं पुढं तुझंच पेट्रोल संपलं होतं आणि मी तुला मागून ढकलत राजूरपर्यंत पोचवलं. हे मी तुझ्या देखत सांगितलं, वाघजाळच्या पाव्हण्यांना. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू चहाचा घोट घेतलास आणि म्हणालास, "हाव मंग. यानंच ढकललं मले." लेका, असं कोणी करतं का? एकदा तरी खोटं पाडायचं होतंस. मग मी रागावलो असतो, आणि रागाच्या भरात खरं बोललो असतो.

एक दिवस मात्र मला टोचत राहिला. तो नागपूरचा माणूस ती लाल गाडी घेऊन बुलढाण्यावरून गेला. आपण स्टँडवर होतो. गाडी थांबली, तू तिच्याभोवती एक चक्कर मारलीस, टायरवर अंगठा दाबलास, आणि म्हणालास, "चांगले टाकले." बस. त्या दिवशी पुढं तू कोणाशी बोलला नाहीस. गालावर हात ठेवून बसून राहिलास. भाकरीसुद्धा खाल्ली नाहीस. मी मनाशी म्हटलं, याला सल आहे. माझ्यापायी याची सीट गेली, आणि हा बोलत नाही. तेव्हापासून तो प्रश्न माझ्या जिभेवर यायचा आणि मी त्याच्या जागी हवेच्या दाबावरून भांडण काढायचो.

रविवारी मंडळी पांगली. कमलवहिनी ओट्यावर बसली होती, शिवणाच्या मशीनला टेकून. मी जाऊन खाली बसलो. गावभर बोलणारा आज गप्प बसला म्हणून तिनंच विचारलं, भाऊजी, तुमाले काय झालं. मग मी तिला सगळं विचारून टाकलं, जे तुला विचारायचं होतं ते. टायर गेल्यावर तो घरी काय म्हणाला? त्याला वाईट वाटलं का? आणि नागपूरवाला आला त्या दिवशी गालाला हात लावून बसला होता तो?

वहिनी म्हणाली, "त्या दिसी त्यायची दाढ दुखत होती. रातभर लवंग धरून बसले."

दाढ. सुखदेवा, मी तुझ्या एका दाढेवर काय काय उभं केलं होतं.

मग ती घाटाच्या दिवसाचं बोलली. तू घरी आलास, बोट भाजलेलं, कपड्यांना वास. तिनं घाबरून विचारलं की आता गाडी जाईल, तुमची सीट जाईल, मग काय करायचं. "तं हासले," ती म्हणाली. "म्हने, कमल, आजवर टायर नुसते सांभाळले. वापरले आज."

ती हे इतक्या साधेपणानं म्हणाली, आणि उठून आत चहा ठेवायला गेली. मी ओट्यावर बसून राहिलो. तिथं मला रडू आलं, आणि तेवढंच हसूही आलं, आणि शेजारच्या घरातल्या बाईनं खिडकी लावून घेतली.

घरी आलो तो शिडी लावून माळ्यावर चढलो. तुला माहीत नाही ते सांगतो. दोन कोरे टायर मी गोणपाटात गुंडाळून तिथं ठेवले होते. केव्हाच मिळाले होते, तालुक्याच्या एका ओळखीनं, आणि चांगले होते, रस्ता धरणारे. तुला सांगितलं नाही कारण तू लगेच चढवायला लावले असतेस. मी म्हणायचो, बरे दिवस आले की काढू. ते बरे दिवस कोणते, ते मी ठरवलं नव्हतं. धूळ झटकली, खाली टाकले, आणि सोमवारी माझे ते अक्षरंवाले टायर काढून नवे पुढच्या चाकांना चढवले. जुन्यांपासून गुरांना पाणी पाजायच्या कुंड्या करायला दिल्या. तिथं ते कायमचे टिकतील, त्यांची हौस फिटेल.

आज मोताळ्याचा आठवडी बाजार. वहिनी इतके दिवस घरी बसून झबली-बंड्या शिवून दुसऱ्याच्या हाती पाठवायची. आजपासून स्वतः बाजारात बसणार आहे. तुझ्या थोरल्या भावानं नको म्हणून पाहिलं. ती म्हणाली, जागा धरली हाय, आता काय नको. सकाळी गाठोडं घेऊन स्टँडवर आली आणि सरळ पुढच्या सीटवर बसली. मागं नेहमीची माणसं. घाटाच्या माथ्यावर मी गियर टाकला आणि जपून, पाय उचलून, तुझ्यासारखा उतरू लागलो. नवे टायर, वहिनी शेजारी, मी काचेची बरणी नेल्यासारखी गाडी नेत होतो. दोन वळणं झाली. वहिनीनं एकदा माझ्या पायाकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे.

"भाऊजी, इतकं हळू काऊन चालवून राह्यले? बाजार उठून जाईन."

मी पाय दाबला. पुढच्या वळणावर नव्या रबरानं रस्ता धरला, धरल्याचा आवाज झाला, आणि मागच्या बाया एका सुरात माझ्या नावानं ओरडल्या. वहिनीनं एका हातानं गाठोडं धरलं, दुसऱ्या हातानं दाराची कड.  खाली राजूर दिसत होतं, त्याच्या पलीकडे मोताळ्याचा रस्ता, बैलगाड्यांनी भरलेला. वेळेत पोचलो सुखदेवा. तिला झाडाखालची जागा मिळाली.